नकाशातला निळा ठिपका

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



या शाळेच्या पहिल्या तुकड्यांनी भूगोलाच्या तासाला जगातील मोठ्या सरोवरांची नावे क्रमाने पाठ केली असतील : कास्पियन, सुपीरियर, व्हिक्टोरिया आणि चौथे अरल. त्यांची मुले याच बाकांवर येऊन बसली तेव्हा ते चौथे नाव डळमळू लागले होते. आज नातवंडांच्या नकाशात त्या निळ्या ठिपक्याच्या जागी दोन-तीन तुटक रेघा उरल्या आहेत. एका शाळेच्या आयुष्याएवढ्या काळात एक समुद्र नाहीसा झाला. भूकंप झाला नाही, पाऊसही एकाएकी रुसला नाही. तो समुद्र शेतीने आटवला.

अरल हा कझाकस्तान व उझबेकिस्तान यांच्या सीमेवरचा खारा जलाशय. १९६० मध्ये त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होते. केरळसारखी पावणेदोन राज्ये त्यात मावली असती. भोवताली वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस. अशा रखरखाटात समुद्र टिकला तो दोन नद्यांच्या बळावर : पामीरच्या बर्फातून निघणारी अमू दर्या आणि तिएनशानमधून येणारी सिर दर्या. बाबराची जन्मभूमी फरगाणा ही या सिर दर्याच्याच खोऱ्यातली. तिथल्या खरबुजांची आठवण त्याला हिंदुस्थानात आल्यावरही व्याकूळ करी, यावरून त्या मातीची कल्पना यावी. शेकडो वर्षे या नद्यांच्या काठी धान्य पिकत होते, द्राक्षांचे व जर्दाळूंचे मळे होते, थोडा कापूसही होता. शेतांची तहान भागूनही समुद्रासाठी पाणी उरत असे.

मग मॉस्कोतील नियोजनकर्त्यांनी ठरवले की हा सारा प्रदेश कापसाचे कोठार झाला पाहिजे. कापसाला तिकडेही ‘पांढरे सोने’च म्हणत. विदर्भातील शेतकऱ्याच्या तोंडीही हाच शब्द आहे. मात्र त्याचा कापूस बहुतांशी पावसावर येतो आणि काळी माती ती ओल महिनोन्‌महिने धरून ठेवते. मध्य आशियात प्रत्येक बोंडासाठी पाणी कालव्याने आणावे लागणार होते. १९५४ मध्ये काराकुम कालव्याचे काम सुरू झाले. अमू दर्याचे पाणी वाळवंटातून तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर वाहून नेणारा हा कालवा बव्हंशी अस्तराविना, वाळूतच खोदलेला होता. पाण्याचा मोठा वाटा शेतापर्यंत पोहोचण्याआधीच जिरून जाई. १९६० च्या सुमारास या खोऱ्यात ४५ लाख हेक्टर ओलिताखाली होते. तीस वर्षांत ते ७० लाखांच्या घरात गेले. समुद्र आटेल हे योजना आखणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी हिशेब मांडला, आणि कापसापुढे मासळीची किंमत त्यांना कमी वाटली. अज्ञानाने केलेली चूक निदान क्षम्य तरी असते.

समुद्र आटला ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या शेतांसाठी तो आटवला, त्या शेतांचे काय झाले हे फारसे सांगितले जात नाही.

नदीचे पाणी गोडे म्हटले तरी त्यात क्षार विरघळलेले असतातच. शेतात सोडलेले पाणी उन्हाने उडून जाते. क्षार मागे राहतात. त्यातच कालव्यांच्या पाझराने भूजलाची पातळी वर येते. ती पृष्ठभागाच्या पुरेशी जवळ आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून चढते, वर येऊन वाळते आणि जमिनीवर पांढरा पापुद्रा धरतो. निचऱ्याचे चर खोदलेले असतील तर हे टळते. पण चर खोदण्याचे श्रेय कोणाला मिळत नाही, श्रेय मिळते ते कालव्याच्या उद्घाटनाचे. मग शेतकऱ्याला एकच उपाय उरला. पेरणीआधी, थंडीच्या दिवसांत, शेत तुडुंब भरायचे आणि क्षार धुऊन काढायचे. धुतलेले पाणी पुन्हा नदीत जाते. खालच्या गावाला तेच पाणी अधिक खारे होऊन मिळते, म्हणून त्याला धुण्यासाठी आणखी पाणी लागते. पाण्याचा अतिरेक आणि पाण्याची टंचाई एकाच नदीवर, कधी एकाच शेतात नांदू लागली.

मराठी माणसाला हे वर्णन अपरिचित वाटू नये. सोलापूरकडे अशा जमिनीला ‘मीठफुटी’ म्हणतात. ‘चोपण’, ‘क्षारपड’ हे शब्दही आहेत. कृष्णा-वारणेच्या काठी, सांगली-कोल्हापुरात, उसाला अतोनात पाणी पाजून सोन्यासारख्या जमिनी अशाच पांढऱ्या पडल्या. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकून, खारे पाणी बाहेर काढून, त्यांतल्या अनेक जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. खर्च मोठा, आणि एकट्याने होणारे काम नव्हे. शेजाऱ्याचे पाणी वाहून जाण्यासाठी आपल्या बांधातून वाट द्यावी लागते.

मध्य आशियात पूर्वी कापसानंतर काही वर्षे लसूणघास घेत. त्याने मातीत नत्र येई, गुरांना चारा मिळे. कापसाचे उद्दिष्ट वाढत गेले तशी ही फेरपालट मागे पडली. कापसावर कापूस, मग अधिक खत, अधिक कीटकनाशक. वेचणीआधी पाने गळावीत म्हणून झाडांवर रसायन फवारत, आणि वेचणीला येत ती शाळेतील मुले. शाळेच्या व्यासपीठावरून हे सांगायलाच हवे : उझबेकिस्तानात शरद ऋतू आला की शाळा-महाविद्यालये रिकामी होत आणि विद्यार्थी आठवडेच्या आठवडे कापसाच्या शेतांवर धाडले जात. ही प्रथा सोव्हिएत राजवटीबरोबर संपली नाही. स्वातंत्र्यानंतरही ती पुढे चालू राहिली. सक्तीच्या वेचणीची ही पद्धत संपुष्टात आल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिला तो २०२२ मध्ये. जमिनीचा कस गेला तो मोजता येतो. कित्येक पिढ्यांचे बुडालेले तास कोणत्या वहीत मांडायचे?

इकडे समुद्र मागे सरत होता. १९८० च्या दशकात अशीही वर्षे आली की अमू दर्या त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. १९८७ च्या सुमारास त्याचे दोन तुकडे पडले. मीठ इतके दाट झाले की मासे मेले. वर्षाला चाळीस हजार टनांच्या आसपास मासळी देणारा व्यवसाय बंद पडला. मुइनाक या बंदरातील मच्छीमार नावा वाळूत गंजत उभ्या आहेत. पाणी तिथून शंभर किलोमीटरहून दूर गेले आहे. उघड्या पडलेल्या तळावर नवे वाळवंट झाले. त्याला ‘अरलकुम’ असे नाव आहे. तिथून उठणारे वादळ वाळूबरोबर मीठ आणि शेतांतून वाहून आलेल्या कीटकनाशकांचे अंश घेऊन त्याच शेतांवर, घरांवर, पाळण्यांवर उतरते. काराकल्पाकस्तानात श्वसनाचे विकार आणि स्त्रियांमधील रक्तक्षय यांचे प्रमाण मोठे आहे. समुद्राची ऊब आणि गारवा गेल्याने उन्हाळे अधिक कडक व हिवाळे अधिक बोचरे झाले, पिकांचा हंगाम आखडला. ज्या कापसासाठी समुद्र दिला, त्यालाच याचा फटका बसला. २०१४ मध्ये दक्षिण भागाचा पूर्वेकडील फाटा पूर्ण कोरडा पडला.

उत्तरेकडची हकीकत थोडी निराळी आहे. कझाकस्तानने सिर दर्याच्या मुखाजवळ सुमारे तेरा किलोमीटरचा कोक-अरल बांध २००५ मध्ये पुरा केला. वर्षभरातच उत्तरेच्या लहान समुद्राची पातळी कित्येक मीटर चढली, पाण्याचा खारेपणा उतरला, मासे परतले आणि अराल्स्कच्या परिसरात पुन्हा जाळी विणली जाऊ लागली. मात्र त्या बांधाने अडवलेले पाणी दक्षिणेला मिळत नाही. मोठा समुद्र परत येईल असे आता कोणी म्हणत नाही.

दक्षिणेत, जिथे एकेकाळी नावा चालत, त्या तळावर आता सक्साउल या काटक वाळवंटी झुडपाची लागवड चालली आहे. लाखो हेक्टरांवर बिया टाकल्या आहेत, रोपे लावली आहेत. वाळू धरून ठेवावी, मीठ उडू नये, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. सगळी रोपे जगत नाहीत. जी मरतात त्यांच्या जागी पुढच्या हिवाळ्यात माणसे पुन्हा रोपे घेऊन येतात.