पाळणाघराचा खर्च कोणी उचलायचा?

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात पाळणाघरं चालवणाऱ्या आणि तिथे दिवसभर राबणाऱ्या स्त्रिया आज समोर बसल्या आहेत, म्हणून थेट हिशेबालाच हात घालते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका हवी. समजा, दहा मुलांचे दरमहा चार-चार हजार रुपये जमले. त्या चाळीस हजारांतून उपनगरातल्या दोन खोल्यांचं भाडं, वीज, खाऊ आणि मदतनीस वजा करा. उरलेल्या रकमेएवढ्या पगारात सेविकेला स्वतःचं मूलही अशा पाळणाघरात ठेवणं परवडणार नाही. फी वाढवावी, तर महिना अठरा हजारांवर काम करणारी आई नोकरीच सोडेल. मग एका सेविकेमागची मुलं वाढवावीत? कारखान्यात नवं यंत्र आणून तेवढ्याच माणसांकडून दुप्पट माल काढता येतो. इथे एकीच्या अंगावर रांगती वीस मुलं टाकणं म्हणजे निव्वळ हेळसांड. तेव्हा हा पगार चालकांच्या कंजूषपणामुळे तुटपुंजा राहतो, असं मी मानत नाही. फीची कमाल मर्यादा आईच्या पगाराने आधीच ठरवलेली असते, आणि तो पगारही बेताचाच असतो.

पाळणाघराचा लाभ मात्र एकट्या आईचा नाही. सीप्झ निर्यात क्षेत्रातल्या कारखानदाराला निश्चिंत मनाने काम करणारी कामगार मिळते, सरकारला कर मिळतो. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. पण उपनगरातल्या किती बायका दुकानांत, दवाखान्यांत, शिवणकामाच्या गाळ्यांत, लोकांच्या घरी काम करतात! त्या या कायद्याच्या बाहेरच राहिल्या. आणि सरकारने स्वतः हात सैल केला तो किती? २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सेविकेला महिना तीन हजार, मदतनिसाला दीड हजार ठरवले होते. मूल सांभाळायला कसलं आलंय कौशल्य, असं म्हणणाऱ्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डी-कोसबाडचं बालशिक्षणाचं काम पाहावं. आणि अंगणवाड्या आहेतच असं कोणी म्हणेल, तर काही तासांची अंगणवाडी सकाळच्या लोकलने निघून रात्री परतणाऱ्या आईला पुरत नाही.

मालकांवर बोजा टाकला तर ते बायकांना कामावरच घेणार नाहीत, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. एकेका मालकावर, त्याच्याकडच्या बायका मोजून खर्च लादला तर असं घडेलच. म्हणून वर्गणी स्त्री-पुरुष सर्वांच्या वेतनावर, छोट्या-मोठ्या सर्व आस्थापनांकडून घ्यावी आणि एकत्र निधीत जमा करावी. महाराष्ट्राला हे नवं नाही. हमाल दिवसात अनेक व्यापाऱ्यांचा माल उचलायचा आणि त्याची जबाबदारी एकही व्यापारी घ्यायचा नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळं नेमली, मालकांकडून मजुरीसोबत लेव्ही घेतली आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी उभी केली. मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, त्या खऱ्याही असतील. उपाय म्हणून हिशेब जाहीर करा, कामगारांचे प्रतिनिधी बसवा. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तेव्हा मुलं सांभाळण्याचं काम नोकरीच नव्हे हा युक्तिवादही मोडीत निघाला. आजच्या ठरावात फीवाढीची मागणी नको. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि त्यासाठी अशा मंडळाची मागणी लिहा, आणि महापालिकेकडे तिच्या इमारतींतल्या रिकाम्या खोल्या नाममात्र भाड्याने मागा, कारण भाड्यात वाचलेला प्रत्येक रुपया सेविकेच्या पगारात घालता येईल.