अर्धी नोट

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



नोकरीनिमित्त मी लखनौला गेलो आणि तेथेच स्थिरावलो. तेथील चौक बाजारात एका वृद्ध विक्रेत्याने मला व्हिक्टोरियाकालीन दहा रुपयांची अर्धी नोट दाखविली. फाटकी म्हणून मी ती परत केली. तो म्हणाला, "साहब, फटी नहीं, काटी हुई है।"

टपालातील चोरीच्या भयाने त्या काळी नोट मधोमध कापून आधी एक भाग धाडीत. तो पोहोचल्याचे उत्तर आले की दुसरा. नोटेवर क्रमांक दोनदा छापलेला असल्याने दोन्ही भाग जुळविता येत. माझा भाग एकटाच उरला. बहुधा कोणाचे तरी दहा रुपये वटलेच नाहीत, आणि कित्येकांची महिन्याची कमाईही तेव्हा त्याहून कमी असे.

त्या तुकड्याने मला संग्राहक केले. सरकारपूर्वी आपल्याकडे बँकाच नोटा काढीत, हे मला तेव्हा कळले. 1840 साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर मुंबईचा टाउन हॉल, एल्फिन्स्टन आणि माल्कम यांची चित्रे असत. 1861 च्या कायद्याने बँकांचा हा अधिकार संपला. अमेरिकेत मात्र 1863 च्या कायद्याने गावोगावच्या बँकांना तो मिळाला आणि 1935 पर्यंत टिकला. म्हणून तेथील संग्राहक आपल्या गावाचे नाव छापलेली नोट प्रथम शोधतो. गावची ओढ सर्वत्र सारखीच!

एक चूक मात्र सांगितली पाहिजे. प्रथमच्या उत्साहात मी त्या नोटेच्या चिरेवर चिकटपट्टी लावली. काही वर्षांत तेथे पिवळा डाग पडला. तो आता जाणार नाही. शंभर वर्षे टपाल, वाळवी आणि पावसाळा सोसलेला कागद माझ्या मायेने बिघडला. पालकहो, आजोबांच्या पेटीत असे काही सापडले तर ते धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटवू नका. घडी हलकेच उलगडा, कोरड्या जागी सपाट ठेवा आणि कोणाकडून आले ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

ती अर्धी नोट आज मी शाळेच्या संग्रहास देत आहे, डागासह. मुलांना नोटेबरोबर तो डागही दाखवावा, एवढीच विनंती.