गप्प बसणारीचा विश्वास

आम्ही आमच्या गावच्या मंडळीतल्या बायका. मंडळी म्हणजे चर्चला एकत्र जमणारी माणसं. आज स्वभावाबद्दल बोलणार आहोत. तुमचा बचत गट असो की भजनी मंडळ, हा प्रश्न तुमच्याकडेही असणारच.

प्रार्थनासभेत एकेकीने मोठ्याने प्रार्थना करायची, साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघींत सांगायचं, अशी रीत असते. बोलक्या बाईचं कौतुक होतं. मान खाली घालून बसणारीबद्दल मात्र कुजबुज होते, "हिचा विश्वास कच्चा दिसतो." मग ती कधी पाहुणे आले म्हणते, कधी कांदा काढायचाय म्हणते, आणि हळूहळू यायचीच थांबते. उद्या तिच्या घरी दुखणं आलं तर कळणार कुणाला?

पवित्र शास्त्रात बेथानी गावच्या दोन बहिणी आहेत, मार्था आणि मरीया. येशू घरी आला तेव्हा मार्था स्वयंपाकाच्या धांदलीत, तर मरीया त्याच्या पायांशी ऐकत बसलेली. या गोष्टीवरून मार्थेला नावं ठेवायची सवय पडली आहे. पण योहानाच्या शुभवर्तमानात पुढची हकिगत आहे, ती फार कमी सांगितली जाते. त्यांचा भाऊ लाजर वारला. येशू येतोय कळताच मार्था उठून वाटेवर सामोरी गेली. मरीया घरातच बसून राहिली, बोलावणं आल्यावर गेली. दोघींनी त्याला गाऱ्हाणं एकच घातलं, तू इथे असतास तर भाऊ गेला नसता. मार्थेशी तो बोलला, पुनरुत्थानाविषयी तिला सांगितलं, आणि तिनंही तिथंच आपला विश्वास स्पष्ट शब्दांत बोलून दाखवला. मरीयेचं रडणं पाहिलं तेव्हा तोही रडला. एकीला बोलणं हवं होतं, एकीला सोबत. कुणाचा विश्वास मोठा, हे त्यानं मोजलं नाही.

आपल्या मातीतलं जोडपं पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक भावनेच्या भरात झोकून देणारे कवी. घरात उद्याला काही उरेल का, याचा विचार न करता हातातलं देऊन टाकणारे. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं त्यांनी लगेच सोडलं नाही. माणसामाणसांतला जातीचा भेद देवानं केलेला नाही, हे स्वतःच्या मनाला पटल्यावरच त्या पुढे गेल्या. त्यांचा बाप्तिस्मा नवऱ्यानंतर सुमारे पाच वर्षांनी झाला. इतकी वर्षं लागली म्हणून तो विश्वास उणा ठरतो का? 1919 साली टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' याच बाईंनी पुढे नेलं. 'स्मृतिचित्रे'त त्या नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर हसतात, पण त्यांच्या श्रद्धेला हसत नाहीत. हे जमायला मोठं मन लागतं हो!

उलटी बाजूही आहे. टाळ्या वाजवून, रडून प्रार्थना करणारीला "ढोंगी" म्हणणाऱ्याही असतात. तेही आम्हाला पटत नाही. कुणाचं मन असंच मोकळं होतं.

आमच्या सभेत आता सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्याच गप्प बसतो. बोलक्या मैत्रिणींना ती फार जड जातात, हे खरं! प्रार्थनेचा विषय चिठ्ठीवर लिहून दिला तरी चालतो, लिहिता येत नसेल तर शेजारणीच्या कानात सांगायचा. आजारी माणसाच्या घरी डबा पोचवणारीचं नाव साक्ष देणारीच्या बरोबरीनं घेतो. आणि चहाची पाळी लावली आहे, कारण एकटीवर काम पडतंय ही मार्थेची तक्रार काही खोटी नव्हती. शास्त्रवाचनाआधी कप विसळून होतात आणि चहावाल्याही चटईवर येऊन बसतात.