इरले, दोर आणि दांडा : हाताने शिकण्याविषयी काही विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या अध्यापनाविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा येथील अनेकांना अधिक आहे. मी एवढेच सांगतो की, हस्तव्यवसायाचा तास त्यांनी परीक्षेच्या दिवसांतही दुसऱ्या विषयाला दिला नाही. ज्यांनी शाळेत शिकवण्यात काही वर्षे घालवली आहेत, त्यांना या वाक्याचे वजन कळेल. त्या तासाचा विचार करतानाच आजचा विषय मला सुचला. रानात वावरताना लागणाऱ्या साध्या वस्तू स्वतःच्या हातांनी करण्यातून मूल नेमके काय शिकते, आणि ते शिकलेले त्या वस्तूपलीकडे, दुसऱ्या कामात, दुसऱ्या गावी उपयोगी पडते की नाही, हा तो विषय.

आपले लोंढे हे रेल्वेचे गाव. मिरजेहून हुबळीकडे जाणाऱ्या मार्गावरून गोव्याचा फाटा येथे फुटतो आणि कॅसलरॉकवरून घाट उतरतो. या भागात पावसाळ्यात शहरातील तरुण मंडळी येतात. पाठीवर पिशव्या, अंगावर पाणी न शिरणारे कोट, कमरेला सुरी, पिशवीला लटकवलेला दोर. मला त्यांचे कौतुक वाटते. चालणाऱ्या माणसाविषयी मला वाईट बोलता येत नाही. या छंदाला अलीकडे ‘बुशक्राफ्ट’ असे नाव मिळाले आहे आणि त्याची पुस्तकेही निघाली आहेत. पण ज्या मुलखात ही मंडळी विकतचा कोट घालून उतरतात, त्याच खानापूर तालुक्यात पावसासाठी इरले, थंडीसाठी घोंगडी, ओझ्यासाठी धामणीची कावड आणि कोयता अडकवायला कमरेची आकडी होती. ही सामग्री कोणी छंद म्हणून केलेली नव्हती. तिच्यामागे भात लावणाऱ्यांचे, गुरे राखणाऱ्या गवळ्यांचे आणि बांबू विणणाऱ्या बुरडांचे, ज्यांना कानडीत मेदार म्हणतात, त्यांचे पिढ्यानपिढ्यांचे ज्ञान होते.

इरल्यापासूनच आरंभ करतो. ते तरुण श्रोत्यांपैकी कित्येकांनी पाहिलेही नसेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि त्यांच्या मध्ये पानांचे थर, असे त्याचे साधे स्वरूप. पान पळसाचे, कुंभ्याचे किंवा सागाचे. ज्या गावी जे रुंद पान मिळेल ते. डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारा तो एक अर्धा शिंपलाच. वाकून भाताची लावणी करताना पाठ कोरडी राहते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री हे करू शकत नाही. पुढे प्लास्टिकचा कागद आला, तो स्वस्त होता, आणि इरले माळ्यावर गेले. त्याबद्दल मला हळहळ वाटत नाही. पावसात उभ्या राहणाऱ्या बाईने स्वस्त आणि हलके ते निवडावे, यात गैर काही नाही. हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, ती पुढे सांगेन.

इरले करायला घेतले की पहिला प्रश्न बांबूचा. कळक काटेरी आणि पोकळ, माणगा जवळजवळ भरीव आणि बिनकाट्यांचा, चिवा बारीक. कामट्या काढायच्या तर कोवळा, पहिल्या वर्षाचा बांबू चालत नाही. तो सुकताना आक्रसतो. सुमारे तीन वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू घ्यावा. बांबूत पिष्ट असते, त्यामुळे त्याला भुंगेरे लागतात. म्हणून तो काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा. जुनी माणसे अंधाऱ्या पक्षात बांबू तोडावा असे सांगतात. चंद्राचा यात कितपत भाग आहे याचा निवाडा मी करीत नाही. ऋतू आणि वय पाळले तर बरेच साधते.

मग बांबू चिरणे. हे काम पाहताना सोपे वाटते. कोयती टोकाशी ठेवून ठोकली की फट पडते. पण चार पेरे गेल्यावर फट एका बाजूला सरकू लागते आणि एक कामटी जाड, दुसरी कागदासारखी पातळ होते. नवशिका अशा वेळी जोर वाढवतो आणि कामटी तुटते. एका शिबिरात मी पाहिले, सातवीतील एक मुलगी अशीच अडली होती. शेजारी बसलेल्या वृद्ध कारागिराने काही न बोलता तिचे मनगट धरून जाड बाजू थोडी वाकवली. फट हळूहळू जाड बाजूकडे वळली आणि पुन्हा मधून चालू लागली. मुलगी चकित झाली. मी तिला विचारले, “असे का झाले असेल?” तिला सांगता येईना. कारागिरालाही शब्दांत सांगता येईना. त्याला त्याची कधी गरजच पडली नव्हती. वाकवलेल्या बाजूवर ताण अधिक येतो आणि भेग ताणाच्या दिशेने सरकते, एवढे सांगताच तिने स्वतःहून शेजारची सागाची चिपाटी उचलली आणि तोच प्रयोग त्यावर केला. तेथेही तो साधला.

माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा या प्रसंगात आहे. शिक्षणशास्त्रात हा वाद जुना आहे. एका विषयात कमावलेले कौशल्य दुसऱ्या विषयात आपोआप उतरते, असा पूर्वी समज होता. संस्कृत पाठ केले की बुद्धी सर्वत्र तल्लख होते, असे आपल्याकडेही मानले जाई. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ साली प्रयोगांनी दाखवले की तसे होत नाही; दोन कामांत जेवढे घटक समान, तेवढाच लाभ. त्यानंतर १९०८ साली चार्ल्स जड यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्याखाली ठेवलेल्या लक्ष्यावर मुलांनी छोटे बाण मारायचे. एका गटाला प्रकाशाचे वक्रीभवन समजावून दिले होते, दुसऱ्याला नाही. पाणी बारा इंच खोल असताना दोन्ही गटांची कामगिरी सारखीच. तत्त्व माहीत असूनही सराव करावाच लागला. पण पाणी चार इंचांवर आणताच, तत्त्व शिकलेला गट लवकर सावरला आणि दुसरा गोंधळला. नदीत भाल्याने मासा मारणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. नुसता हात पुरत नाही, नुसते तत्त्वही पुरत नाही. हाताला काम चालू असतानाच त्याचे कारण कळले, तर ते ज्ञान वस्तू सोडून बाहेर पडते.

इरल्याकडे पुन्हा वळतो. त्याची जाळी तीन दिशांच्या कामट्यांनी विणली की घरे षट्कोनी पडतात. कामट्या एकमेकींना अडकवून ठेवतात, सरकत नाहीत, आणि बांबूही कमी लागतो. ही वीण सपाट असते. ती जेथे खोलगट करायची असेल तेथे विणणारा सहाऐवजी पाच कोनांचे घर टाकतो; विणीला आपोआप फुगवटा येतो. मित्रांनो, तुम्ही ज्या चेंडूने फुटबॉल खेळता, तो परिचित काळापांढरा चेंडू आठवा. वीस षट्कोन आणि बारा पंचकोन. कार्बनच्या साठ अणूंचा जो गोलाकार रेणू १९८५ साली सापडला आणि ज्यासाठी १९९६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले, त्याचीही रचना हीच आहे. बुरडाला हा रेणू माहीत होता, असा दावा मी करीत नाही. असले दावे आपल्याकडे फार होतात. मात्र ज्या मुलाने एकदा पंचकोनी घर टाकून टोपली वळवली आहे, त्याला भूमितीच्या तासाला ती आकृती परकी वाटणार नाही.

पानांचे थरही असेच. खालचे पान आधी, वरचे त्यावर चढते, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता ओघळून जाते. कौले, गवताचे छप्पर, तंबूची शिवण, सगळीकडे हाच न्याय.

दोराविषयी थोडे सांगतो. घायपाताची पाने पाण्यात कुजवून, ठेचून, धुऊन वाख काढावा. त्याचा रस अंगाला खाजतो, म्हणून हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे. रानात केवणीची, म्हणजे मुरुडशेंगेची साल याच कामी येत असे. तंतूंचे दोन पदर घ्यावेत, प्रत्येकाला उजवा पीळ द्यावा आणि ते एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळावेत. प्रत्येक पदर उलगडू पाहतो, पण त्याच्या उलगडू पाहण्यानेच दोघांची मिठी घट्ट होते. तंतू संपत आला की नवा जोडायचा. मात्र दोन्ही पदरांतील जोड एका जागी येऊ द्यायचे नाहीत. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, त्याचे कारण हेच. दोर वळणाऱ्या मुलाला हे एकदा दाखवले की भिंतीकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते.

कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण उत्तम, कारण ती लवचिक असते; कावडीला आणि धनुष्यालाही म्हणूनच ती वापरीत. दांडा शक्यतो करवतीने कापू नये, लाकूड फोडून काढावा, म्हणजे रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. क्रिकेटच्या बॅटीसाठी विलोचे लाकूड इंग्लंडात फोडूनच काढतात. विस्तवाविषयी मी मुद्दाम कमी बोलतो. कुंभ्याची साल धुमसत राहते, म्हणून जुन्या तोड्याच्या बंदुकींना ती बत्ती म्हणून चाले, हे मुलांना सांगावे. पण उन्हाळ्यात आपली पानगळीची राने किती लवकर पेटतात हे आपण जाणतो. हा पाठ शाळेच्या आवारात, पाण्याची बादली शेजारी ठेवूनच द्यावा.

आता एक अवघड मुद्दा. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची, म्हणजे नयी तालीमची योजना पुढे आली. तिच्यावरील एक आक्षेप मला आजही विचार करायला लावतो. ज्यांचे वाडवडील पिढ्यानपिढ्या टोपल्या विणत आले, त्यांच्या मुलांना शाळेतही टोपल्याच विणायला लावणार काय? बुरडाच्या मुलाने शाळेत यावे ते कोयती खाली ठेवण्यासाठी, असे त्याच्या आईला वाटले तर तिला कोण दोष देईल? या प्रश्नाला बगल देऊन हस्तव्यवसायाचे गोडवे गाणे मला अप्रामाणिक वाटते. मघाशी म्हटलेली हळहळ हीच आहे. इरले गेले याचे दुःख नाही. पण ते करणाऱ्याला आपण कधी जाणकार मानले नाही, त्याला प्रश्न विचारले नाहीत, आणि त्याच्या मुलांना त्या कसबाची लाज वाटू दिली. कसब जातीला चिकटवून ठेवले, म्हणून ते कोणाच्याच शिक्षणात आले नाही.

मार्ग आहे. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सालोमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘स्लॉइड’ नावाची पद्धत बसवली. लाकडाच्या छोट्या, घरी उपयोगी वस्तूंची चढती मालिका. आरंभ केवळ सुरीने, आणि पुढच्या वस्तूत काही नवी क्रिया. सर्व मुले ती करीत, आणि हेतू सुतार घडवण्याचा नव्हता. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि काम करीत शिकण्याची रीत ग्रामीण शाळांपर्यंत नेली. तेथे शिकणारे मूल कोणाच्या घरचे, हे काम ठरवीत नाही. वकिलाच्या मुलीने कामटी चिरावी आणि बुरडाच्या मुलाने त्या विणीची भूमिती फळ्यावर मांडावी. ही अदलाबदल झाली तरच या विषयाला शाळेत जागा मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. आणि कारागीर शाळेत येईल तेव्हा त्याला पाहुण्या व्याख्यात्याचे मानधन मिळावे, चहापाण्याचे पैसे नव्हे.

साहित्य रानातून आणता येणार नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. तालुक्यातील भीमगड २०११ साली अभयारण्य झाले. तेथील काटकी उचलणेही योग्य नाही. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू त्या कायद्याच्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. स्वतःच्या जमिनीत बांबू लावावा, तोडावा, विणावा. माणग्याचे बेट चार-पाच वर्षांत तोडणीला येते.

तेव्हा माझी संस्थेला विनंती आहे. मैदानाच्या पश्चिमेकडील पडीक पट्टीत येत्या मृगाला माणग्याची रोपे आणि कुंपणाकडे घायपात लावावा. आज पाचवीत असलेली मुले दहावीत जातील तेव्हा बांबू हाती येईल. तोवर दोर, गाठी आणि सुरी हाताळण्याचे पाठ व्हावेत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी माळ्यावर जुने इरले, आकडी किंवा कावड असेल, त्यांनी ती शाळेला द्यावी आणि ती कोणी, कशाने केली, एवढे आठवेल तसे लिहून द्यावे. पंचवीस रोपांचा खर्च मी उचलतो. खड्डे मात्र विद्यार्थ्यांनी आणि विश्वस्तांनी मिळून खणावेत, अशी अट घालतो आणि आपली रजा घेतो.