हिंगण्याहून टोकियो

येडगावाहून जुन्नरची वाट धरावी आणि गाव ओलांडावे, की लेण्याद्रीचा डोंगर समोर येतो. त्याच्या कातळात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी विहार खोदले गेले. ज्या धर्माची ही घरे, तो चीन व कोरिया या मार्गाने सहाव्या शतकात जपानात पोहोचला. पुणे जिल्ह्याशी जपानचा हा संबंध फार दूरचा खरा. परंतु याच जिल्ह्यातील हिंगण्याच्या माळावर विसाव्या शतकात जपानची एक गोष्ट उलट वाटेने आली, आणि तीही टपालाने!

ती म्हणजे टोकियोच्या स्त्री-विद्यापीठाची माहिती देणारी लहानशी पुस्तिका. अण्णासाहेब कर्वे यांच्याकडे ती आली, तेव्हा कामाच्या गर्दीत काही काळ तशीच पडून राहिली. पुढे १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरावयाच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी चालली असता त्यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि त्यांच्या विचारास निराळीच दिशा मिळाली. जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली ते विद्यापीठ स्थापिले होते व तेथील मुली जपानी भाषेतूनच शिकत. उच्च शिक्षण परभाषेच्या दारातूनच आत येते, अशी आपल्याकडील समजूत. तिला हे रोकडे उत्तर होते. १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू झाले, तेही जपान डोळ्यांनी न पाहता.

गृहिणीपदास अनुरूप शिक्षण, हाही जपानी कल्पनेचा भाग त्याबरोबर आला. त्यावर टीका झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. मुलींचे वेगळे शिक्षण म्हणजे कमी शिक्षण ठरण्याचे भय असतेच. तथापि मातृभाषेचा आग्रह मात्र त्या पुस्तिकेने निःशंक केला.

१९२९ च्या मार्चमध्ये अण्णासाहेब प्रवासास निघाले आणि युरोप व अमेरिका करून १९३० साली जपानात उतरले. वय सत्तरीपलीकडचे! १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने व त्यामागून लागलेल्या आगीने टोकियोचा मोठा भाग नाहीसा केला होता. त्याच नगराने १९३० च्या मार्चअखेरीस पुनर्रचनेचा उत्सव केला. रस्ते रुंद झाले होते, नदीवर नवे पूल उभे होते, आणि उएनो ते असाकुसा ही आशियातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे १९२७ पासून धावत होती. चेरीची झाडे फुलतात तीही याच सुमारास. पण अण्णासाहेबांची खरी यात्रा त्या विद्यापीठाची. ज्यांचा कित्ता गिरविला, ते नारुसे मात्र १९१९ सालीच निवर्तले होते. दोघांची भेट कधीच झाली नाही.

श्रोत्यांपैकी कोणी जपानला जाण्याच्या बेतात असतील, तर त्यांनी ३७७६ मीटर उंचीचा फुजी पर्वत अवश्य पाहावा, उंबरठ्याशी पादत्राणे काढण्याची आपल्या ओळखीची रीतही पाहावी. सवड काढून मेजिरो भागातही जावे. ते विद्यापीठ तेथे आजही चालू आहे.

अण्णासाहेब १९३० च्या एप्रिलअखेर परतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पुन्हा निघाले, या वेळी आफ्रिकेस.