'भीषण'

वर्तमानपत्र हाती घेऊन त्यातील मथळे कोणी केवळ विशेषणांसाठी वाचले, तर एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. बातम्यांचे विषय शेकडो असतात, विशेषणे मात्र मोजकीच. 'भीषण' हे त्यांपैकी एक. हमरस्त्यावर दोन वाहनांची धडक होते, तो 'भीषण अपघात'. कापडाचे गोदाम जळते, ती 'भीषण आग'. वैशाखात विहिरी तळ गाठतात, ती 'भीषण पाणीटंचाई'. बेकारी भीषण, दुष्काळ भीषण. आणि अग्रलेखापर्यंत येता येता 'वास्तव'देखील भीषण होऊन बसते.

हा शब्द मूळचा मोठ्या कुळातला. संस्कृतातील 'भी' म्हणजे भिणे या धातूपासून तो आला. भीती, भीरु, भीम ही त्याचीच भावंडे. देवव्रताने आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली आणि त्या घोर प्रतिज्ञेमुळे तो 'भीष्म' झाला, तो याच कुळातील नावाने. भीषण म्हणजे भय उत्पन्न करणारे. तेव्हा हे विशेषण वस्तूचे आकारमान सांगत नाही; ते पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगते. ज्याने आग पाहिली त्याच्या तोंडी ते शोभते. पण दूरध्वनीवरून आलेली चार वाक्ये कागदावर उतरविणाऱ्यालाही तेच वापरावे लागते, आणि अडचण येथेच सुरू होते.

यात वार्ताहराचा सगळाच दोष आहे, असे मात्र नाही. रात्रपाळीच्या उपसंपादकापुढे वेळ थोडा आणि रकान्याची रुंदी त्याहून थोडी. 'हृदयद्रावक' मथळ्यात मावत नाही. 'भयंकर' चार अक्षरे घेतो. 'भीषण' तीनच अक्षरांत काम भागवतो. शिवाय नुसता 'अपघात' छापला तर शेजारच्या पत्रातील 'भीषण अपघाता'पुढे तो किरकोळ वाटेल, ही धास्ती असतेच. अशा रीतीने विशेषण हे वर्णन न राहता रिवाज बनते.

रिवाज झालेल्या शब्दाचे पुढे काय होते, हे पाहण्यासाठी बंगालपर्यंत जावे. बोलीभाषेतील बंगालीत एखादे गाणे 'भीषण' आवडते, एखादा मनुष्य 'भीषण' चांगला असतो. तेथे त्या शब्दातील भय गळून गेले आणि 'फार' एवढाच अर्थ मागे उरला. मराठीने हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'भयंकर' त्याच वाटेने गेला आहे. मिठाईसुद्धा 'भयंकर' गोड असते. 'भीषण' अजून त्या उतारावर लागलेला नाही, एवढेच.

याच्या उलट हवामानखात्याची रीत पाहावी. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर पाऊस झाला की तो जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या पलीकडे अत्यंत जोरदार. तेथे प्रत्येक विशेषणामागे एक माप उभे असते. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. या आकड्याला कोणत्याही विशेषणाची गरज भासत नाही.

असे असले तरी विशेषणे सरसकट वर्ज्य करावीत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. महाराष्ट्र राज्याने १९६३ साली कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून दुष्काळवाचक 'फॅमिन' हा इंग्रजी शब्द काढून टाकला. राज्यात तशी परिस्थिती उद्भवण्यास आता वाव उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. सरकारी कागदावर उरली ती 'टंचाई'. पुढे दहा वर्षांच्या आतच १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत आणि माती वाहत होती. टंचाई साखरेची असते, घासलेटाचीही असते. एवढ्याशा नामाला हे सारे पेलणे शक्य नव्हते. नामच दुबळे केले गेले, की विशेषणाला त्याच्या वाटचा भार उचलावा लागतो. 'भीषण टंचाई' या शब्दजोडीत 'भीषण' हा शब्द आळसाने आलेला नसतो. तो कागदाने नाकारलेले सत्य मागच्या दाराने आत आणतो.

म्हणून कसोटी सोपी आहे. विशेषण काढून पाहावे. बातमीचे काही उणे झाले नाही, तर ते रिवाजाचे होते. सत्याचा एखादा अंश गळाला, तर ते कामाचे होते. तीच 'भीषण' दोन्ही ठिकाणी छापत राहिले, तर वाचकाला हा भेद ओळखता येईनासा होतो. आणि गावची शेवटची विहीर आटल्याची बातमी तो अपघाताच्या बातमीसारखीच चाळून पान उलटतो.

लोकभाषेने मात्र आपला मार्ग केव्हाच शोधला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुणे पाण्याखाली गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपाने उद्ध्वस्त झाली. ज्यांनी ते दिवस पाहिले, ते 'भीषण पूर' किंवा 'भीषण भूकंप' म्हणत नाहीत. ते नुसते 'पानशेत' म्हणतात, 'किल्लारी' म्हणतात. आणि ऐकणारा गप्प होतो.