प्रयुक्ताच्या खुर्चीवरून



संभाजीनगरहून जालना रस्त्याने या परिषदेसाठी करमाडला येताना आपल्याला शेंद्र्याचे कारखाने लागले असतील, आणि ते मागे पडतात तोच कपाशीची, मोसंबीची शिवारे. आमच्या कितीतरी घरांत हे दोन्ही एका छपराखाली नांदते. थोरला शेतात, धाकटा कंपनीत शिफ्टला. एकाला पावसाचा घोर, दुसऱ्याला कंत्राट संपण्याचा. मानसशास्त्राचे शिक्षक अशा गावी एकत्र बसतात, याचे मला फार अप्रूप आहे.

मी शेतकरी. या विषयाशी माझी ओळख पुतणीमुळे झाली. ती बीएला मानसशास्त्र घेते म्हणाली तेव्हा घरात पहिला प्रश्न नोकरीचा निघाला, तो आजही निघतो. मग एका सुट्टीत ती प्रात्यक्षिकाच्या सरावासाठी घरी आली आणि तिने मला समोर बसवले. एक आरसा उभा केला. कागदावर दुहेरी रेषेचा तारा होता, तो माझ्या नजरेआड केला. फक्त आरशात बघून, दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. हात पुढे न्यावा तर आरशात तो मागे येई. ताऱ्याच्या टोकाशी पेन्सिल अडली की हलता हलेना. ती घड्याळ धरून वेळ आणि चुका टिपत होती. हसली नाही, ‘काका, असं करा’ म्हणाली नाही. पुढच्या फेऱ्यांत हात सरावला, चुका कमी झाल्या. शेवटी तिने विचारले, ‘करताना मनात काय येत होतं?’ मी जे बोललो ते तिने माझ्याच शब्दांत जर्नलमध्ये उतरवले. तिथे माझे नाव होते ‘प्रयुक्त’, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो.

मंडळी, माणसाला मध्येच न टोकता बघायचे आणि तो सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, हे आमच्याकडे दुसरे कोण शिकवते? दवाखान्यात गर्दी असते. नातेवाईक तोंड उघडायच्या आत सल्ला देतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात सामान्य मानसशास्त्र आहे, सामाजिक आहे, विकासाचे आहे, अपसामान्य आहे, संख्याशास्त्र आहे. वुंट यांनी 1879 मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, हे मुलांना तोंडपाठ असते. पण माझ्या मते या पदवीचा गाभा प्रात्यक्षिकाच्या त्या टेबलावर आहे. जिथे साहित्य कपाटात कुलूपबंद राहते आणि मागच्या वर्षीच्या जर्नलवरून यंदाचे जर्नल उतरते, तिथे मुलांच्या हातून गाभाच निसटतो. यावर या परिषदेने स्पष्ट बोलावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी गोष्ट संख्याशास्त्राची. मध्यमान, मध्यांक, प्रमाण विचलन आले की मुले घाबरतात आणि गुरुजीही तो भाग उरकतात असे ऐकतो. त्यांना व्ही. व्ही. कामत यांचे काम सांगा. बिने यांच्या बुद्धिमापन चाचण्या परदेशी मुलांसाठी बेतलेल्या. कामतांनी त्या धारवाड भागातल्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर तपासून 1934 मध्ये नव्याने बसवल्या. बिने-कामत चाचणी म्हणून त्या पुढे कित्येक दशके दवाखान्यांत वापरात राहिल्या. मुंबईच्या मुलाचे गुण आणि आमच्या वाडीवरच्या मुलाचे गुण एकाच मापाने मोजावेत का, हा प्रश्न संख्याशास्त्राशिवाय सुटत नाही. आपल्या मुलांसाठी आपल्या बोलीत तपासलेल्या चाचण्या हव्यात, आणि त्या करणारे हात याच वर्गांतून तयार झाले पाहिजेत.

आता एक जड गोष्ट बोलतो. 8 मे 2020 च्या पहाटे, टाळेबंदीत, जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते. त्यांच्यावरून मालगाडी गेली, 16 जण दगावले. जे वाचले त्यांनी आणि जे पहिल्यांदा तिथे धावले त्यांनी काय पाहिले असेल! आघातानंतरच्या ताणाचे प्रकरण तुमच्या पुस्तकात आहे, त्यात उदाहरणे बहुतेक परक्या युद्धांतली असतात. हे उदाहरण आमच्या शिवारातले आहे. ते शिकवताना मुलांचा आवाज खाली येईल, पण प्रकरण कळेल.

आणि हेही मुलांना पहिल्याच वर्षी सांगा की बीए झाल्याने कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी पुढचे शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. अपसामान्य मानसशास्त्र वाचून शेजाऱ्याला आजाराचे नाव चिकटवणे हा त्या शेजाऱ्यावर अन्याय आहे. मात्र गावात ऐकून घेणारा आणि वेळेवर योग्य दारी पाठवणारा माणूस हवाच. शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांसाठी 2015 मध्ये शासनाने प्रेरणा प्रकल्प आणला. 2022 पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे. नापिकीने खचलेल्या घरात जाऊन हा क्रमांक लावून देणारा, फोन लागेपर्यंत शेजारी बसणारा मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गातून यावी. नोकरीच्या प्रश्नाला मी घरात हेच उत्तर देतो, की नोकरी तर शोधूच, पण हे काम आजच समोर पडले आहे.

उद्या सकाळी चहानंतर मागच्या शेडमध्ये विद्यार्थी टेबले मांडतील. गावातले शेतकरी, कंपनीतले कामगार आणि आशाताई प्रयुक्त म्हणून येणार आहेत. प्राध्यापक मंडळींनीही एकेक खुर्ची घ्यावी, आणि शेवटी मुलांनी विचारले की मनात काय येत होते, तर खरे ते सांगावे. अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.